अक्कांना गाडी लागायची

फोन आला तेव्हा मी पुण्यात, भाच्याच्या मुंजीच्या पंगतीत जिलब्या वाढत होते. ह्यांचा फोन. हे एरवीही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, त्या दिवशी एकच बोलले, "अक्का झोपेतच गेली गं..." ताट हातातच राहिलं. रडू लगेच आलं नाही. आधी मनात आलं, आता वीणाला ते कोण सांगणार? आई गेल्याचं नव्हे, ते ह्यांनी कळवलं असणारच. दुसरं. जे कुणालाही सांगणार नाही म्हणून अक्कांनी माझ्याकडून देवघरापुढे शब्द घेतला होता. आज महिना उलटलाय आणि तोच शब्द मी छापून मोडायला बसले आहे. लाज वाटते आहे, खोटं कशाला बोलू?

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझं सासर कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन राहिलेलं, त्यामुळे घरात मराठी, पण तिच्यात कन्नडची अशी फोडणी की लग्नानंतर पहिले काही महिने मी नुसती मान डोलवायची. "सुधा, स्वल्प मीठ घाल" म्हणजे थोडंसं, हे मी चव बिघडवून शिकले. बंगळूरच्या येलहंका भागातलं घर एकच, खाली अक्का, वर आम्ही. थोरले दीर लवकर गेले, तेव्हापासून अक्का आणि त्यांची एकुलती एक लेक वीणा. अक्का कन्नड शाळेत गणित शिकवायच्या. बुटक्या, कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की भाजीवालासुद्धा हिशेब सांगताना सरळ उभा राहायचा. माझं नि त्यांचं अधूनमधून वाजायचं. मी फटकळ, त्या ताठ, जिन्यावर ठिणग्या उडायच्याच. पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर माझी वेणीफणी केली ती त्यांनीच, आणि वर "केस किती गं गळतात तुझे" म्हणून बोलल्याही त्याच.

अक्का कुठे जायच्या नाहीत. रेल्वे जिथे जाते तिथे जायच्या, बाकी कुठे नाही. नात्यातली लग्नं, बारशी, देवीची जत्रा, सगळ्यांना ठरलेलं उत्तर, "मला नाही जमणार." लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंना भारी गर्व. पुढे वीणानं कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, मुलाशी लग्न ठरवलं. अक्कांनी ते इथेच, बंगळूरला, थाटात लावून दिलं, जावयाला सोन्याची अंगठी घातली. वीणा मडिकेरीला गेली, आणि अक्का एकदासुद्धा लेकीच्या घरी गेल्या नाहीत. मडिकेरीला रेल्वे नाही ना! घाटाचा रस्ता. कधी गुडघा दुखायचा, कधी घराचं रंगकाम काढलेलं असायचं, कधी शाळेचे पेपर... आणि निवृत्त झाल्यावर पेपर कुठले? वीणानं मनाशी ठरवून टाकलं की आईला आपलं लग्न पटलेलं नाही. एकदा मला म्हणालीही, "चिक्कम्मा, अंगठी दिली पण मन नाही दिलं गं तिनं." चिक्कम्मा म्हणजे काकू, इकडची पद्धत. यंदा वीणानं स्वतःचं घर बांधलं. नव्या घरात चुलीवरचं पहिलं दूध मुलीच्या आईनं उतू जाऊ द्यायचं, ही आमच्या घरची रीत. वीणानं आईला फोनवर एवढंच सांगितलं, "तू नाही आलीस तर मी दूध तापवणारच नाही."

त्याच सुमारास आमचं गाडी घ्यायचं चाललं होतं. विमानतळाच्या रस्त्यावर एका मोठ्या मैदानात टेस्ट ड्राइव्हचा मेळा लागणार होता. हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, सात माणसांची, विजेवरची, सगळ्या जातींच्या गाड्या एकाच ठिकाणी आणि चालवून बघायला मुद्दाम बनवलेला रस्ता, चढ, खड्डे, घाटासारखी वळणं. ह्यांना त्या शनिवारी बोम्मसंद्र्याला कारखान्यात जाणं भाग होतं. मी एकटीच निघाले तर जिन्याखाली अक्का उभ्या. "सुधा, मला पण ने. सगळ्या गाड्यांत बसायचंय मला." मला वाटलं, सूर्य पश्चिमेला उगवला! मग त्यांनी मला देवघरात नेलं, दार लोटलं आणि सांगितलं. त्यांना गाडी लागते. थोडीथोडकी नाही, पार आतडी पिळवटून निघतात. लग्न होऊन सासरी येताना भाड्याच्या मोटारीत, हिरव्या शालूत, सासूबाईंच्या मांडीवर सगळं झालं होतं आणि सासूबाई वरातीसमोर म्हणाल्या होत्या, "हेच आणलं का गं माहेराहून?" लोक हसले. त्या दिवसापासून अक्का चारचाकीत बसल्या नव्हत्या, आणि का ते कुणाला सांगितलंही नव्हतं. "गर्व आहे म्हणतात ते परवडलं गं," त्या म्हणाल्या, "ओकते म्हणायला नको." गोळी घ्या की, मी म्हटलं. "घरातच घेऊन बघितली एकदा. दिवसभर गुंगी. लेकीच्या दारात झोपेत उतरू? दूध कोण बघणार मग?" कुठल्या तरी जातीची गाडी आपल्याला सोसेल, एवढीच त्यांची आशा होती. कुणालाही, वीणाला तर मुळीच, यातलं काही कळता कामा नये, असा शब्द मी दिला.

रिक्षानं गेलो. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी, तिचा त्यांना त्रास नव्हता. मैदानात बँड काय, फुगे काय, कॉफीचे ठेले काय, जसं काही लग्नच! पहिली सेडान. मी चालवायला, शेजारी कंपनीचा माणूस, मागे अक्का, गालात आवळ्याची सुपारी. विक्रीवाली मुलगी गोड हसून म्हणाली, "आंटी, एकदम सोफा है." सोफाच होता, त्यात रुतून बसलं की बाहेरचं काही दिसेना. तिसऱ्या वळणाला मागून आवाज आला, "थांबव." मी थांबवलं. अक्का ताठ चालत एका भल्यामोठ्या फलकामागे गेल्या. फलकावर एक कुटुंब गाडीत बसून हसत होतं आणि त्याच्या मागे माझी जाऊ वाकली होती. मी पाणी घेऊन धावले. तोंड पुसत त्यांनी पहिला प्रश्न केला, "कुणी बघितलं का?"

मग एसयूव्ही. उंच, पायरीवर चढायला मी त्यांना मागून रेटलं. वरून दिसत होतं छान, पण वळणावर ती अशी झुलायची की माझंच डोकं गरगरलं. अक्कांनी ओठ घट्ट मिटून निभावलं, उतरल्यावर पुन्हा फलकाकडे गेल्या. सात माणसांच्या गाडीत तेच. मी म्हटलं, पुरे, घरी जाऊ. "अय्यो, अजून आहेत की," म्हणाल्या. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता त्यांचा. विजेच्या गाडीसमोर रांग होती. आवाज नाही, धूर नाही, वास नाही, हिच्यात नक्की जमेल असं दोघींनाही वाटलं. पण ती गाडी वेगळीच निघाली. पेडलवरचा पाय जरा उचलला की ब्रेक दाबल्यासारखी थबकायची, पुन्हा सटकन पुढे. मला तिची सवय नाही, मी पाय उचलत होते, दाबत होते... "थांबव" म्हणायलाही अक्कांना वेळ मिळाला नाही. क्रीम रंगाची कोरी सीट. त्यांचा पदर. दार उघडलं तेव्हा रांगेतली माणसं मागे सरली, कुणीतरी नाकाला रुमाल लावला, एक पोरगं हसलं, त्याच्या आईनं त्याला दटावलं आणि मग तीही हसली. कंपनीची माणसं खरोखर भली, "परवागिल्ला अम्मा, काही हरकत नाही" म्हणत राहिली. पण त्यांनी लगेच गाडीभोवती लाल-पांढरी पट्टी लावली आणि रांग मोडली. अक्का ती पट्टी बघत होत्या. आयुष्यभर हजारो मुलींना उभं करून पाढे म्हणायला लावणारी बाई, ओला पदर मुठीत धरून खाली मान घालून उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून मी चहूकडे बघतही होते.

आणि मग माझी जीभ सुटली. लाज वाटली की मला राग येतो, स्वभावच आहे. नळावर त्यांचा पदर खळाखळा धूत मी म्हटलं, "एवढं आहे तर स्वतःच चालवत जा मडिकेरीला! चालवणाऱ्याला कधी लागत नाही गाडी!" त्या एकदम वळल्या. "खरंच?" मी म्हटलं, खरंच, मलाही लहानपणी लागायची, चालवायला लागल्यापासून बंद झाली. त्या गणिताच्या बाई. विचार करताना डोळे बारीक करायच्या, तसे केले. मग ओल्या पदरानं सरळ हॅचबॅकच्या तंबूत गेल्या, ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "हिच्यात बसून पुढचा रस्ता दिसतो बघ. सरी, ठरलं, हीच घ्या," म्हणाल्या, जणू पैसे त्याच देणार होत्या.

घेतली बाई हॅचबॅक. ह्यांना एसयूव्ही हवी होती, चार दिवस फुगून बसले. अक्कांनी साठी ओलांडल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, शेजाऱ्यांना सांगितलं भजनाला जाते. शिकवणारा त्यांच्या नातवाच्या वयाचा, आणि तोच त्यांना दबकून असायचा. स्कूलची उजळणी माझ्याबरोबर. उंची कमी, म्हणून सीट पार पुढे ओढून खाली उशी घ्यायच्या. माझ्यावर खेकसायच्या, "ओरडू नको, मी काय पहिलीत आहे?" क्लच सोडताना गाडी बंद पडली की स्वतःलाच "मठ्ठ!" म्हणायच्या. लायसन्स हातात आलं त्या रविवारी पहाटे आम्ही दोघी नंदी डोंगराच्या घाटावर गेलो. मी देवाचं नाव घेत दार धरून बसलेले. वळणामागून वळण... अक्का चढवत राहिल्या. वर पोचल्यावर गाडी थांबवून त्या कितीतरी वेळ नुसत्या पोटावर हात ठेवून बसल्या, काही होतंय का ते बघत. काही झालं नाही. "सुधा," त्या म्हणाल्या, "मी घाट चढले गं." आणि मला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वीणाला त्यांनी "येते" एवढंच कळवलं होतं, कशी ते सांगितलं नव्हतं. तिच्या दारात स्वतः गाडी चालवत उतरायचं, मग लग्नापासूनची सगळी लाज पुसली जाणार होती. वास्तुशांतीला दोन आठवडे उरले होते. मी चार दिवसांसाठी पुण्याला गेले... पुढचं सांगितलंच आहे.

दिवसकार्य संपलं, माणसं पांगली. वीणा खाली आईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि तेच मला बघवत नव्हतं. म्हणाली, "चिक्कम्मा, 'येते' म्हणाली ती. पण ऐन वेळी गुडघाच दुखला असता ना तिचा? मला माहीत आहे." देवघर समोरच होतं. मला वाटलं, अक्का, तुमची लाज राखू की तुमची लेक? आणि मी सांगून टाकलं. शालू, फलक, लाल-पांढरी पट्टी, नंदीचा घाट, सगळं. मला वाटलं होतं ती ओक्साबोक्शी रडेल. ती रडली नाही. मग हळूच म्हणाली, "मला पण लागते, चिक्कम्मा."

"काय?"

"गाडी. लग्नानंतर, त्या घाटात सुरू झालं. इथे येताना दर वेळी. कोपऱ्यावर उतरायचे, नळावर तोंड धुवायचे, पावडर लावायचे, मग बेल वाजवायचे. आईला कळलं तर म्हणेल, कुणी सांगितलं होतं घाटात लग्न करायला... डोकं दुखतंय म्हणून न जेवता झोपायचे. तिनं पुरण केलेलं असायचं. तिला वाटत असेल, हिला माझ्या हातचं नकोसं झालंय." आणि मग ती रडली. मीही रडले. एका छपराखाली मायलेकी एकच दुखणं एकमेकींपासून लपवत होत्या आणि मी वरच्या मजल्यावर स्वतःला मोठी शहाणी समजत होते. हे लिहू का, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "लिही. अजून कुणी असेल कुठे तोंड धूत."

वीणाला मडिकेरीला मीच सोडलं, त्याच हॅचबॅकमधून. सीट अजून पुढेच आहे, उशीसकट. माझे गुडघे स्टिअरिंगला घासतात, पण मागे सारायला माझा हात होत नाही, ह्यांचाही नाही. घाट लागला तशी वीणा पांढरीफटक पडली. "पावडर काढू?" मी विचारलं. तिनं मान हलवली, "बेडा, नको," आणि म्हणाली, "गाडी थांबव." भर वळणावर, दिवसाढवळ्या, ती रस्त्याच्या कडेला वाकली आणि मी तिचं कपाळ धरलं. एक बस अगदी हळू झाली, खिडक्या-खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. बघू देत.