चुकेल त्याला खजूर

आमच्या अरबीच्या वर्गात बरोबर उत्तराला काहीही मिळत नसे. खजूर मिळायचा तो चुकणाऱ्याला. सर छावणी भागातल्या घरून स्कूटरवर विद्यापीठात येत, तेव्हा डिकीत व्याकरणाच्या पुस्तकाशेजारी खजुराचा डबा हमखास असे. त्यांचं खरं नाव वेळापत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते खजूरवाले सर.

"ज्याला येतंय त्याला खजूर कशाला?" ते म्हणत. "जो तोंड उघडून चुकला, त्यानं हिंमत केली. हिमतीला गोड पायजे."

मी हर्सूलच्या शेतकऱ्याची मुलगी. वर्गातल्या बऱ्याच जणींना लिपी घरूनच येत होती. मला उजवीकडून वाचायची सवय होईपर्यंतच नाकी नऊ आले. त्यात वाक्यातल्या कामाप्रमाणे शब्दाचं टोक बदलतं हे कळल्यावर मी तोंडच मिटून घेतलं. सरांनी फळ्यावर चक्क मराठीत लिहिलं, 'मुलगा, मुलाला, मुलानं'.

"हे तू रोज बोलती ना? कधी भ्याली का? अरबीतबी तेच हाय, बेटा. शेपूट बदलतंय फक्त."

मग मी धीर करून बोलले, आणि सरांनी मला दोन खजूर दिले. इतकी मोठी चूक लई दिवसांनी ऐकली, म्हणाले.

एकदा ते आमच्या घरी आले. वडिलांनी चहा पुढे करत मनातलं विचारूनच टाकलं, "सर, हे शिकून पुढं काय व्हतं?"

"पाटील, ही पोरगी एक दिवस माझे तास घेती का नाय बघा."

वडील नुसते हसले. सर जाताना वांग्यांची पिशवी घेऊन गेले.

सर निवृत्त झाले आणि त्यांचे तास खरंच माझ्याकडे आले, पण कच्च्या नेमणुकीवर. मुलं टिकली नाहीत तर पुढच्या वर्षी वर्गही नाही आणि मीही नाही, असं विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या तासाला मी सरांना आग्रहाने बोलावलं. ते मागच्या बाकावर बसले. मी प्रश्न विचारला, पुन्हा विचारला. मुलं वहीत डोकी खुपसून गप्प.

तेवढ्यात सर उभे राहिले आणि त्यांनी ठणठणीत आवाजात उत्तर दिलं. साफ चुकीचं. जन्मभर हेच व्याकरण शिकवलेला माणूस!

नव्या मुलांना ते कोण हे कुठे माहीत? पुढची एक मुलगी फिस्सकन हसली. "काका, तसं नसतंय," म्हणत तिने आपलं उत्तर दिलं. तेही चुकलं. मग तिसऱ्याला राहवेना, चौथ्याला राहवेना. बघता बघता वर्गात नुसता कल्ला झाला. त्या मुलांपैकी नंतर कुणीच गळलं नाही.

कल्ला चालू असतानाच मी माझा खजुराचा डबा उघडला. सर सगळ्यांच्या पुढे येऊन तळहात पसरून उभे होते.

"मॅडम," आजवर मला बेटा म्हणणारे सर म्हणाले, "पहिली चूक माझी हाय."

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. मी त्यांना दोन दिले.