माझ्यासमोर न धरणारं यंत्र

पाथर्डीकडच्या एका सूतगिरणीत कपाटाएवढा जुना मिनीकॉम्प्युटर अगदी परवापरवापर्यंत चालू होता. गिरणीच्या जुन्या नोंदी त्यातच अडकलेल्या, आणि त्याच्या दुरुस्तीला हात घालणारा मी एकटाच उरलेलो. निवृत्तीनंतरही नगरला, सावेडीच्या घरी मला गिरणीचं बोलावणं यायचं आणि, खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचो.

तिथल्या ऑपरेटर बाईंची तक्रार विचित्र होती. यंत्र धरतं, म्हणायच्या. दुपारी जवळ गेलं की हातावरची लव उभी राहते, पत्र्याला बोट लागलं की सोडत नाही. मी कळवून तीनदा गेलो. धूळ नको म्हणून बूट बाहेर काढून आत शिरलो, मीटर लावला, उघड्या तळव्याने पत्रा चाचपला. गार, मुका पत्रा. कपाटामागे दोन पाली वाळून पडल्या होत्या. पाली काय, कुठेही मरतात, असं म्हणून मी त्या केरसुणीने लोटल्या.

मी असेपर्यंत यंत्र अगदी शहाण्यासारखं वागायचं. माझी एसटी नगरला पोचते न पोचते तोच बाईंचा फोन, पुन्हा धरलं. कुणीतरी कपाटाला लिंबू-मिरची बांधली. तिसऱ्या खेपेला मॅनेजरने हळूच विचारलं, बाईंच्याच डोक्यात काही नाही ना. मी म्हणालो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच कपाटाजवळ आठ तास बसल्या.

मग एप्रिलमध्ये पाथर्डीला एका लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर सहज गिरणीत डोकावलो, न कळवता. खोलीत बाई एकट्याच होत्या, यंत्रापासून दूर, हात पाठीमागे बांधून.

"साहेब, उलट्या हातानं लावा," त्या म्हणाल्या.

मी मुद्दाम पत्र्याच्या कडेवर सबंध पंजा टेकवला. पंजा मिटला आणि उघडेना. ओरडायला गेलो तर जबडा आवळलेला. पंख्याची घरघर लांब लांब जात होती आणि माझा हात मला दुसऱ्याच कुणाचा दिसत होता. मी मरतोय हे मला अगदी स्वच्छ कळलं. तेवढ्यात बाईंनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

मी जमिनीवर पडलो होतो तेव्हा शिपाई बादली घेऊन धावत आला. चेहरा कसनुसा.

"साहेब, आधी कळवायचं ना. खड्ड्यात पानी टाकून ठिवलं असतं."

खड्डा म्हणजे खिडकीबाहेरचा अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळशाचा, कायम ओला हवा, तरच यंत्रातून गळणारी वीज जमिनीत उतरते. पण जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे मातीला रोज दोन बादल्या कोण पाजणार? साहेब येणार म्हटल्यावर मात्र तो सकाळीच खड्डा भिजवायचा, पाहुण्यासाठी अंगणात सडा टाकावा तसा. तीनही वेळा मी त्याचा तो पाहुणचार मोजून परत गेलो होतो.

मी बाईंची माफी मागितली. शरमेने मान वर होत नव्हती. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी मेले असते तरी तुमी कळवूनच आला असता, साहेब. मग पानी पडलं असतं, अन् यंत्र चांगलंच निघालं असतं."