नानांच्या घरचं तूप

आक्का हजेरी घ्यायची तेव्हा समोर किती जण बसलेत याच्याशी तिचं काही देणंघेणं नसायचं. एम.ए.च्या वर्गाला पटावर पोरं भरपूर, बाकांवर मात्र जेमतेम एक ओळ. बाकीची कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, कुणी कारखान्यावर कामाला, कुणी नुसतीच कुठंतरी. पण आक्का पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं वाचायची, उभ्यानं. आणि प्रत्येक नावानंतर थांबायची. नाव घेतलेला माणूस जिन्यात असला तर वर येऊन ओ देऊ शकेल, एवढा वेळ. ओ आली नाही की चष्मा जरा खाली करून रिकाम्या बाकाकडं बघायची, आणि मगच पुढचं नाव.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कारण एका दुपारी मी त्या वर्गाच्या दारात चोरासारखा उभा होतो. माझी मुलगी ऋतुजा आक्काच्याच वर्गात शिकायची. तेलगावहून पाहुणे तिला बघायला येणार होते आणि मी तिला न्यायला चकलांब्याहून स्कूटरवर गेलतो. मी खूण केली, पोरगी पिशवी उचलून बाहेर आली. ती चप्पल घालतीय तेवढ्यात आतून तिचं नाव आलं. ऋतुजाचा पाय चपलेत अर्धा राहिला. आक्का दाराकडंच बघत होती. सख्खा भाऊ समोर उभा, पण ती बघत होती फक्त पोरीकडं.

"चल, चल, पावणं तिकडून निघालेत," मी दबक्या आवाजात म्हणालो.

ऋतुजानं ओ दिली नाही. आक्का थांबायची तेवढी थांबली आणि तिनं पुढचं नाव घेतलं.

शकुंतला हे तिचं नाव. आम्हा भावंडांत थोरली. गेवराईच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची, शेवटची काही वर्षं एम.ए. विभागाची प्रमुख होती. खरं सांगायचं तर आम्हा घरच्यांना तिची लाज वाटायची. आमच्याकडं रीत अशी, की घरातला एखादा माणूस जागेवर बसला की त्याची सावली सगळ्या भावकीवर पडली पाहिजे. तलाठी असला तर सातबारा लवकर निघाला पाहिजे, डेपोत असला तर एसटीत जागा धरली गेली पाहिजे. तसं कॉलेजात असला तर मार्क. आक्काची सावली कधी कुणावर पडलीच नाही. "तुमच्या बहिणीला एवढं बी जमंना व्हय?" असं लोक मला विचारायचे, आणि मी चोरट्यासारखा विषय बदलायचो.

तिचा नियम म्हणजे काही तिच्या घरचा नव्हता. चार तासांतले तीन तास वर्गात भरले पाहिजेत. नाही भरले तर सेमिनार नाही, तोंडी नाही, अंतर्गत परीक्षा नाही. आणि अंतर्गत गुण नसले की लेखी पेपरात पुरवण्यावर पुरवण्या जोडा, गुणपत्रकावर त्या विषयापुढं 'एफ' येणार म्हणजे येणार. मग पुढच्या वर्षी तोच पेपर पहिल्यापासून. सगळीकडं हेच असतं. फक्त सगळीकडं ते सूचना फलकावर असतं आणि काचेला कुलूप असतं.

तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या एकदा फोन पुढं धरूनच तिच्यासमोर गेला. "मॅडम, काका बोलतेत."

आक्का म्हणाली, "काकांना म्हणावं, सोमवारी वर्गात या. तुझ्या नावाला त्यांनी ओ दिली तरी मी हजेरी लावायची न्हाई. पण निदान एक तास तरी त्यांच्या कानावर पडंल."

त्यानंतर आमच्या घरच्या लग्नांना तो पुढारी यायचा बंद झाला. मांडवात कुणी विचारलं की मी गुपचूप आक्काकडं बोट दाखवायचो.

पंगतीत तर तिला सुखानं जेवणच मिळत नसे. कुणीतरी हमखास शेजारी सरकायचं. "ताई, आपला पोरगा हाय तुमच्या वर्गात. जरा बघा."

"बघितला असता की," आक्का जिलबी मोडत म्हणायची. "येतच न्हाई तर दिसावा कुठून?"

आणि फारच गळ घातली तर तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "आवो, मार्क म्हंजी काय आमच्या नानांच्या घरचं तूप हाय का? धरली वाटी की वाढलं?"

पंगत हसायची. सगळ्यांत जास्त मी हसायचो, कारण त्या तुपाची गोष्ट माझी होती.

आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं. शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला दमून बसलं, पुढं खताबियाण्याचं दुकान टाकलं. पण लग्न असो, बारसं असो, चार माणसं पान लावत बसली की "बाळासाहेब, होऊन जाऊ द्या" म्हणतात. आणि माझं हुकमी पान म्हणजे तूप. आक्का एम.ए. करत होती तेव्हाची गोष्ट. तिची हजेरी कमी भरली. सर परीक्षेला बसू देईनात. मग नाना, म्हणजे आमचे वडील, धुतलेलं धोतर नेसून, काखेत कढवलेल्या तुपाचा डबा मारून एसटीनं सरांच्या घरी. सर म्हणाले, "काका, नियम आहे." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, नियमाला कोण हात लावतंय? घरात भात हाय का?" सरांच्या मंडळींनी भात आणला. नानांनी तूप ओतलं. इथं मी सरांच्या मनगटावरून ओघळणारं तूप करून दाखवायचो, ते चाटायचा त्यांचा मोह दाखवायचो, आणि मग शेवट: "आन भात सपला तवा आमच्या आक्काची हजेरी भरलेली व्हती."

आक्का समोर बसलेली असली की गोष्ट आणखी रंगायची. लोक तिच्याकडं बघून हसायचे. तीही हसायची, आणि पदरानं चष्मा पुसायला घ्यायची. हसून डोळ्यांत पाणी आलं, असं मी धरून चालायचो.

आता ऋतुजाचं. त्या वर्षी तिला दाखवायचं मी मनावर घेतलं होतं. पितृपक्ष सोडला तर रिकामा आठवडा गेला नाही. पाहुणे नोकरीवाले, दुकानवाले; त्यांच्या सवडीनं यायचे, आणि त्यांची सवड नेमकी आक्काच्या तासाला असायची. मी स्कूटर घेऊन जायचो, पोरगी आणायचो, साडी, पोहे, चहा. शेवटी तेलगावचं स्थळ जमत आलं. त्यांचं हुंड्याबिंड्याचं काही नव्हतं. एकच म्हणणं, मुलगी एम.ए. पाहिजे. मुलाच्या चुलत भावाच्या लग्नपत्रिकेत नवरीच्या नावापुढं एम.ए. छापलेलं होतं, यांनाही तसंच छापायचं होतं. मी छातीवर हात मारून सांगितलं, "उन्हाळ्यात लग्न धरा. तवर पोरगी एम.ए. झालेली आसंल. विभाग आमच्याच घरात हाय."

आणि दिवाळीच्या तोंडावर आक्कानं ऋतुजाला सांगितलं, एका पेपरात तुझी हजेरी भरत नाही, तुला बसता येणार नाही.

मी आक्काला फोन केला. ती म्हणाली, "भाऊबीजेला येतोस ना? ये." एवढंच. मी मनात म्हटलं, भाऊबीजेला बहीण नाही कशी म्हणते ते बघू.

भाऊबीजेला मी बायको-लेकीला घेऊन तिच्या घरी गेलो. पाट मांडला, भोवती रांगोळी, मी टोपी घालून बसलो. आक्का ताट घेऊन पुढं आली, निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता. तिनं कुंकवाला बोट लावलं तसा मी हात आडवा धरला.

"आक्का, दरसाल मी ओवाळणी टाकतो. औंदा मी मागणार हाय. ऋतुजाची तेवढी हजेरी भर. हो म्हण, मंगच ओवाळ. न्हाई तर मी तसाच पाटावरून उठतो."

न ओवाळता भाऊ पाटावरून उठला तर ते बहिणीला लागतं, असं आमच्याकडं मानतात. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच तर म्हणालो. अर्थात माझ्या गुडघ्यांची अवस्था बघता उठायला कुणाचा तरी हात लागलाच असता.

आक्का ताट धरून तशीच उभी राहिली. दाजी सोप्यातून पेपर खाली करून बघायला लागले. तसा मला जोर चढला. मी गोष्ट काढली. "तुज्यासाठी नानांनी काय केलतं ते इसरलीस का? धोतर नेसून, तुपाचा डबा घिऊन—"

"बाळ्या," आक्का म्हणाली. "ही गोष्ट मला म्हाईत हाय. फक्त येक सांग. त्या तासांना मी कुठं व्हते?"

"कुठं म्हंजी? घरी."

"घरी काय करीत व्हते?"

एवढ्या वर्षांत त्या गोष्टीत ती बाजू कधी आलीच नव्हती.

"ट्रे धरून उभी व्हते," आक्का म्हणाली. "पावण्यांपुढं. आता उभी हाय ना, अशीच. नाना मला तासाला जाऊ द्यायचे न्हाईत आन मंग हजेरीसाठी तूप न्यायचे. त्या पेपरात मी पास झाले, चांगली पास झाले. नोकरी लागली आन त्योच पेपर शिकवायला माज्या वाट्याला आला. येका पोरीनं उभं ऱ्हाऊन प्रश्न इचारला. मला येईना. मी म्हणले उद्या सांगते. घरी येऊन वाचला, तवा कळलं की ह्यो धडा सरांनी ज्या दिवशी शिकवला, त्या दिवशी मी चकलांब्यात पोह्यावर खोबरं पेरीत व्हते. जिथं मी न्हवते तिथं मला हजर लावलं, बाळ्या. ते कसं पुसायचं?"

निरांजनातली ज्योत फडफडत होती. तिनं दुसऱ्या हातानं आडोसा केला.

"तू गोष्ट सांगतोस. लोकं हसतेत, मी बी हसते. काय करू? भर मांडवात रडू?"

रांगोळीतला एक ठिपका माझ्या अंगठ्यानं पुसला गेला होता, त्याच्याकडं बघत बसलो.

"ऋतुजा, हिकडं ये," आक्कानं हाक मारली. पोरगी स्वयंपाकघराच्या दारातच होती. "तुला कुणी इचारलं का, काय पायजे ते?"

ऋतुजानं माझ्याकडं, तिच्या आण्णाकडं, बघितलं नाही. "मला तासाला बसायचं होतं, आत्या," ती म्हणाली. "आण्णा दारात येऊन उभे ऱ्हायचे." मग म्हणाली, "मी पुढच्या वर्षी परत बसते."

आक्कानं मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मी काय टाकलं ताटात ते आठवत नाही. दाजींनी हात देऊन मला उठवलं. जेवायला बसलो. आक्का नेहमीसारखी वाढायला आली, वरणभात वाढला, तुपाची वाटी माझ्या पानापुढं आणली आणि थांबली.

"वाढू का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी वरणभात बिनतुपाचा खाल्ला.

तेलगावला फोन करून मी खरं ते सांगितलं. "बरं बरं, मंग पुढच्या साली बघू," असं म्हणाले. आमच्याकडं याचा अर्थ नाही असाच होतो. नंतर ऐकलं, त्यांना एम.ए. झालेली मिळाली. ऋतुजा मागच्या वर्गातल्या पोरींबरोबर पुन्हा बसली. ती सांगते, तिचं नाव घेतल्यावर आत्या सवयीनं आधी दाराकडं बघायची आणि मग पहिल्या बाकाकडं. त्या पेपरात तिला काही फार मोठी श्रेणी मिळाली नाही. गुणपत्रक दाखवायला ती आधी आत्याकडं गेली, मग घरी आली. मला त्याचंही काही वाटून घ्यायचा हक्क राहिला नव्हता.

हजेरी भरून मागितल्याची मला फारशी लाज वाटत नाही, असं आमच्याकडं सगळेच मागतात. लाज वाटते ती माझ्या त्या हुकमी गोष्टीची. किती मांडवांत सांगितली, किती टाळ्या घेतल्या. आणि पंगतीत आक्का "नानांच्या घरचं तूप" म्हणायची तेव्हा ती माझ्या गोष्टीला दाद देतीय असं मी समजत होतो.

आक्का निवृत्त झाली आणि वर्ष व्हायच्या आतच गेली. हृदयाचा झटका. तेराव्याला गेवराईच्या घरी जेवणं चालली होती. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात, लोक थोडे हसतातही. त्यात काही वाईट नाही. दाजींचा पुतण्या समोरच्या पंगतीतून म्हणाला, "मामा, काकूंची ती तुपाची गोष्ट सांगा की. लई दिवस झाले ऐकून."

"व्हय, व्हय, सांगा," आणखी दोघं-तिघं म्हणाले. पंगत माझ्याकडं वळली. ऋतुजा आमटी वाढत होती. ती माझ्यापुढं येऊन थांबली, पळी हातात धरून, माझ्याकडं बघत. वर्गात रिकाम्या बाकाकडं बघत आक्का थांबायची तेवढीच थांबली.

मी घसा साफ केला.

"आक्का त्या तासांना वर्गात न्हवती," मी म्हणालो. "आमी तिला घरी ट्रे धरून उभी केलती. येवढीच गोष्ट हाय."

कुणी हसलं नाही. ऋतुजानं माझ्या भातावर आमटी वाढली आणि पुढच्या पानाकडं गेली.