वाघमारे सर आणि विमानाचा शंकू

स्टाफरूममध्ये चहा उशिरा येतो, किस्से मात्र वेळेवर! भूमच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्यातले निम्मे एकट्या वाघमारे सरांचे. मी शिकवते केमिस्ट्री, पण सरांच्या कृपेनं फिजिक्सचं एक प्रकरण मला तोंडपाठ झालंय: विमान आवाजाहून वेगानं गेलं, की मागं आवाजाचा शंकू ओढत नेतं. वेग वाढला, की शंकू निमुळता; शंकू जमिनीला टेकला, की धडाका!

*

हा शंकू दाखवायला सरांनी घरचं नरसाळं आणलं. तास ऐन रंगात आला आणि शिपाईमामा दारात. "सर, वहिनींचा फोन हाय. इमान उतरवा म्हणत्यात आन नरसाळं धाडा. तेलाचा डबा उघडा पडलाय!"

*

सरांच्या प्रत्येक गणितात विमान आवाजाच्या बरोब्बर दुप्पट वेगानं उडतं. म्हणजे शंकूचा अर्धा कोन तीस अंश. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "दुसरा वेग नाही का हो?"

सर म्हणाले, "आहे की! पण तीसचा साइन पोरांना झोपेतही येतो. वाचलेल्या वेळात विमान तरी बघू द्या त्यांना!"

*

एका पोरीनं एसटीचा वेग घालून कोन काढला. कॅल्क्युलेटरवर एरर! सर म्हणाले, "बरोबर आलं. आवाजाहून हळू जाणाऱ्याला शंकू नसतो. आपल्या गाडीचा आवाजच गाडीच्या आधी येतो, त्यो बी अर्धा तास!"

*

सरांचं गाव सास्तूर. मागं आभाळात मोठा धडाका झाला, भांडी हादरली आणि सरांच्या आईंनी घर सोडलं. त्र्याण्णवच्या भूकंपात माणसं गमावलेली बाई ती. चूल अंगणात, अंथरूण अंगणात. थंडीचे दिवस, त्यात दमा. सर काळजीत. आम्हालाही वाईट वाटायचं.

सुट्टीला गेले, की सर अंगणातल्या मातीत काडीनं शंकू काढत. "आई, आवाज येतो तवा इमान फुडं गेलेलं असतंय. जमीन न्हाय हालत." आई नुसत्या ऐकायच्या. शेवटी एकदाची चूल आत गेली. सरांनी आम्हाला पेढे वाटले!

पुढच्याच रविवारी पुन्हा धडाका. आई चुलीपुढं, सर ओट्यावर पेपर तपासत बसलेले. पेपर टाकून सर आत धावले, आईंना दोन्ही हातांवर उचललं आणि तडक अंगणात!

हातांवरूनच आई ओरडल्या, "आरं, इमान कवाच गेलं की फुडं! ठेव मला खाली, भाकर करपंल!"