मावशीचं आमीन

नितीनचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला ऑफिसातच होते. "ताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "झालं तिच्या मनासारखं." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. पुलगावच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. नितीन तिचा एकुलता मुलगा. तिला जाऊन आता महिना उलटून गेला... मी तसं का बोलले, ते नीट सांगावंसं वाटतंय.

मावशी देवभोळी नव्हती. केळझरच्या गणपतीला आमच्यासोबत यायची, हात जोडायची, पण काही मागायची नाही. "मागनं मले जमत नाई," म्हणायची. तिचा जीव शब्दांत. जेवताना कोणी एखादा वेगळा शब्द वापरला, की तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आम्ही भावंडं वैतागायचो, आणि ती आमच्याकडे दुर्लक्ष करून बोलतच राहायची.

काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं त्या दिवशी नितीन नोकरीच्या गावाहून यायला निघाला होता, म्हणून दवाखान्यात मी मावशीसोबत होते. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी रोहण्याचे एक शेतकरी बसले होते, सलीमभाई. त्यांच्या बायकोच्या डोक्याचं ऑपरेशन चाललं होतं. सकाळपासून बोलणं होत होतं, मावशीनं आपल्या डब्यातली पोळीभाजीही त्यांना दिली होती. दुपारी त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि मध्येच थांबून म्हणाले, "बाई, मी इथं एकटाच आहो. दुआले कोणी आमीन म्हणणारं असलं तर बरं वाटते. तुमी म्हणान का?"

मावशीनं पदर सावरला. ते हलक्या आवाजात बायकोसाठी मागत होते, आणि ते थांबले की मावशी म्हणत होती, "आमीन." वर्गात शुद्धलेखन सांगायची तसा तिचा तो स्वच्छ उच्चार... शेवटी त्यांनी काकांसाठीही मागितलं. तेव्हा मात्र तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग मीच म्हटलं.

संध्याकाळी सलीमभाईंची बायको शुद्धीवर आली. काका आले नाहीत.

तेराव्याला आलेल्या कोणीतरी ही गोष्ट ऐकून हळहळून म्हटलं, की सुमनचे शब्द वाया गेले. मावशी शांतपणे म्हणाली, "ते शब्द त्याच्या बायकोसाठी होते. ते बाई घरी गेली न. वाया काऊन जातीन?"

पुढचे कित्येक महिने ती त्या एका शब्दाच्या मागे लागली होती. मला वाटतं, त्या दिवसांत तिला तोच आधार होता. मी गेले की काही ना काही नवीन सांगायची. शब्द मूळचा हिब्रू. घट्ट, पक्कं, ज्यावर भार टाकता येतो असं काहीतरी, हा त्याच्या धातूचा अर्थ. ज्यूंच्या प्रार्थनेतून तो ख्रिस्ती लोकांकडे गेला, आमेन झाला. अरबीत आमीन झाला. "आणि आपल्याकडे नाई का आला?" ती डोळे बारीक करून विचारायची. "इमान त्याच धातूचं. अमानत त्याच घरची. आपल्या तोंडी अक्षरं उलटीपालटी झाली न् अनामत झाली. वाचनालयात भरतो न आपण, तेच अनामत." कोणी ओम आणि आमेन एकच म्हटलं की ती मान हलवायची. कानाला सारखे लागले म्हणून नातं जुळत नाही, म्हणायची.

पण तिला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आपलं तथास्तुच की." तर म्हणाली, "नाई. तथास्तु देव म्हणते, वरून. आमीन माणूस म्हणते, बाजूले बसून. कोकणात गाऱ्हाणं घालतात तेव्हा सारे 'होय महाराजा' म्हणतात न, ते जवळचं. एक जण मागते, बाकीचे त्याच्या मागण्याले खांदा देतात."

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. उपचार झाले, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आमची शेवटची भेट त्यानंतरची. दुपारची वेळ होती, नितीन औषधं आणायला गेला होता. ती म्हणाली, "आज मी मागून राह्यली. तू आमीन म्हणशीन?"

"काय मागतेस?"

"आता लांबू नये. नितीनले ओळखून राह्यली, तोवरच जाणं व्हावं."

"मावशी, हे नको मागू."

"मागनं माझं आहे. तुले नुसतं बाजूले बसायचं आहे."

तिनं घाई केली नाही. विद्यार्थ्याला उत्तर सुचेपर्यंत थांबणारी बाई होती ती... शेवटी मी म्हटलं, "आमीन." तिनं डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "चहा ठेव. साखर नीट टाकजो." त्याच आठवड्यात ती गेली. नितीनचं नाव घेऊन, पाणी मागून.

परवा पुलगावला गेले होते. संध्याकाळी नितीननं तिची वेताची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली, रोजच ठेवतो म्हणाला. समोरच्या शोभाकाकू आल्या आणि मावशी असताना बसायच्या तशाच खुर्चीशेजारी पायरीवर बसून बोलू लागल्या: मुलीची मुलाखत आहे, या खेपेस तरी लागायला पाहिजे तिला नोकरी. बोलून झाल्यावर खुर्ची रिकामी असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. नितीन कधीच असल्या गोष्टींत पडणारा नाही. तो पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "होऊ दे, काकू."