आमच्या बारवेचा रिकामा कोनाडा

नाय, लेणी नाय बघितली. वेरूळला उतरून लेणी न बघता माघारी आलेली बाई मीच, हसायचं तर हसा. कैलास कुठं पळून जात नाय. आमची बारव मात्र सोमवारी जायची होती, म्हणून आधी तिच्याकडं गेले.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. ही माझ्या माहेरची, वेरूळच्या थोडं पुढं. गावाचं नाव लिहीत नाय, नायतर उद्याच रील काढणारे येऊन पायऱ्यांवर नाचतील. गावात नवा रस्ता व्हायलाय आणि त्याची आखणी नेमकी बारवेवरून गेलीय. बारव बुजवायची का रस्ता वळवायचा, हे सोमवारच्या ग्रामसभेत ठरणार. माझी भाची सायली, भावाची पोरगी, जुन्या वास्तूंचे मोबाईलवर दिसणारे नकाशे करते. शुक्रवारी तिचा फोन आला.

"आत्या, उद्या चल. काठी धरायला माणूस पाहिजे."

"एवढी शिकलीस ते आत्याला काठी धरायला लावायला व्हय?"

"बाकीच्यांचे हात हलतात गं."

"माझी नुसती जीभ हलते. येते," म्हणलं.

तुम्ही जाणार असाल तर शहरातून सकाळची एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट, उरलेल्या पैशात पेरू येतात. दौलताबादला गाडी किल्ल्याच्या दरवाज्यातून जाते आणि तिथं हमखास अडकते. चिडू नका, खिडकीतून पेरू घ्या, तिखटमीठ मागून घ्या. घाट चढला की हवा बदलते. वेरूळला उतरून आम्ही गरम भजी खाल्ली, मग काळीपिवळी जीप. फाट्यापासून पुढं पायीच जायचं. पाणी सोबत ठेवा आणि माझ्यासारखं नवी चप्पल घालून जाऊ नका.

बारवेपाशी पोचलो. लहानपणी आम्ही पोरी हिच्यात पाय सोडून बसायचो. आता एका कोपऱ्यात बाभूळ उगवलीय, तळाला प्लास्टिक. पायऱ्या मात्र अजून कोरीव, एकीवर एक, पोळ्या रचून ठेवाव्या तशा.

सायलीनं पिशवीतून माणसापेक्षा उंच काठी काढली. वरच्या टोकाला पांढरं गोल यंत्र, परात उलटी ठेवल्यासारखं. ते आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं आणि आपण नेमके कुठं उभे हे सांगतं, बोटभर इकडंतिकडं. काठीवर पाण्याचा बुडबुडा असतो. तो गोलाच्या मधोमध ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं.

"आत्या, हलू नको."

"माझ्या लग्नात बी मी एवढी गप्प उभी नव्हते."

"बुडबुडा हलला बघ."

"त्याला हसू आलं असंल."

चारी कोपरे झाले, वरची पायरी झाली. खाली उतरलो तर यंत्र मुकं झालं. खोलात आभाळ कमी दिसतं, बाभळीनं आणखी झाकलेलं, म्हणून उपग्रहांचा आवाज पोचत नाय, असं सायली म्हणली. मग तिनं मापायची टेप लावली आणि मोबाईल भिंतीवरून असा हळू फिरवला, जसं आजारी माणसाच्या अंगावरून हात फिरवावा. पडद्यावर दगड न् दगड उमटला. मला लई कौतुक वाटलं. तिला सांगितलं नाय, डोक्यावर चढून बसली असती.

तेवढ्यात साहेबराव आला. शाळेत माझ्याबरोबर होता, आता गावातला मोठा माणूस.

"काय गं, शहरातून येऊन आमचा रस्ता अडवायलीस का?"

"तू चौथीत माझी पाटी अडवली होतीस. आत्ता फिटलं."

तो हसला, पायरीवर बसला. सायलीला म्हणला, "पोरी, नकाशा चांगलाय. पण सभेत लोक इचारतील, ही जुनी कशावरून? विहिरी काय कमी हायत?" मग त्यानं समोरच्या भिंतीकडं बोट केलं. "त्या कोनाड्यात लेख होता. दगडावर अक्षरं. आम्ही पोरं त्याच्यावरून बोट फिरवायचो. तो असता तर मी सोता उभा राहून म्हणलो असतो, रस्ता वळवा."

सायलीनं कोनाडा मोजला. दोन हात रुंद, हातभर उंच, आत नुसती माती. "आत्या, तू तर इथलीच. दगड गेला कुठं?"

"मला काय माहीत, मी शहरात, गारखेड्यात राहते," म्हणलं, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं वर आले.

परतीच्या एसटीत पोरगी माझ्या खांद्यावर झोपली. उन्हानं नाक लाल झालेलं, नखांत बारवेची माती. मी सगळी वाट जागी होते.

आज रविवार. मघाशी तिनं नकाशा पाठवला. गारखेड्यात माझ्या ओट्यावर बसून मी माझ्या माहेरच्या बारवेच्या पायऱ्या बोटानं उतरले. जन्मात असं कधी वाटलं नव्हतं. तळापर्यंत गेले, वळले, तर भिंतीवर एक पांढरा चौकोन. त्याच्यावर तिनं लिहिलंय, "लेखाची जागा. दगड सापडला नाही."

जाऊन या. बारव राहिली तर जरूर जाऊन या.

आणि सायली, तू हे वाचशीलच. घर बांधलं तेव्हा मोरीला दगड पाहिजे होता. मीच ह्यांच्या मागं लागले, की बाजारातला नको, माझ्या माहेरचा पाहिजे. तो कोनाड्यातून निसटून खाली पडलेला होता. ह्यांनी टेम्पोत घालून आणला. बसवताना म्हणले, अक्षरांना पाय लागायला नको, म्हणून अक्षरांची बाजू खाली केली. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते सरळ माणूस, त्यांना बोल लावू नको.

सकाळी सभेच्या आधी चार माणसं घेऊन ये, दगड जड हाय. कोनाड्यातला लेख मी नेला, सायली. मी त्याच्यावर रोज धुणं धुते, आणि काल तुझ्या तोंडावर खोटं बोलले.