अण्णा, दाजी आणि तीन नंबरचा सिलेंडर

आज अण्णांच्या वर्षश्राद्धाला लोक त्यांच्यावर हसले. मीपण हसलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याला एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला होते.

हसवलं आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. भर पंगतीत, खिरीची वाटी हातात धरून.

"अण्णा तीन दिवस गाडीत डोकं घालून बसले, अन् निघालं काय? पावसाचं पाणी."

दाजींना स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो ते माहीत नाही. टायरमध्ये हवा भरायची तरी माणूस शोधतात. पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर तयार.

तर ऐका. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

आमची आठ सीटर व्हॅन. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला दाजींना आणायला हीच गेली होती, हे ते सोयीने विसरतात.

आईचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा. येताना तिला बसवायचं नाही, मधल्या सीटवर आडवी व्हायची. म्हणून ती व्हॅन आम्हाला हवीच होती.

दसऱ्यानंतर गाडी झटके द्यायला लागली. सिग्नलला थरथरायची. पुलाच्या चढावर दम सोडायची. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा.

एकदा डायलिसिसहून येताना पुलाच्या पायथ्याशी बंदच पडली. आईला रिक्षाने आणलं. मुकुंदवाडीला घरी येईपर्यंत ती दांडी धरून बसली होती आणि आल्याआल्या तिला उलटी झाली. अण्णांनी बादली आणली, फरशी पुसली.

मग वर्कशॉप. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी आणि टाय लावलेला सल्लागार. त्याने गाडीला स्कॅनर जोडला, टॅबकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन नंबरच्या सिलेंडरला मिसफायर आहे सर. ओल्ड व्हेईकल आहे. इंजिन खोलावं लागेल."

बॉनेट उघडलं नाही त्याने. शर्टाच्या बाहीला डाग पडला असता.

फॅमिली ग्रुपवर दाजींचा मेसेज: "भंगारात घाला." त्यावर अकरा अंगठे. त्यात एक माझा.

अण्णा म्हणाले, "मशीननं कुठं दुखतंय ते सांगितलं. का दुखतंय ते नाय सांगितलं. मी बघतो."

मी शेजाऱ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, हा तुमच्या कंपनीतला कॉम्प्रेसर नाही. यात कॉम्प्युटर असतो."

ते वाक्य मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

त्यांनी एकच विचारलं. "खंडेनवमीला इंजनावर पाणी मारलं व्हतं का?"

"नाही. बाहेरूनच धुतली."

पहिला दिवस नुसता ऐकण्यात गेला. पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसले. गार गाडी सुरू कर, तापू दे, बंद कर. कधी थरथरते, कधी नाही, ते वहीत लिहायचे.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू ठेवून एकेका सिलेंडरच्या कॉइलचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाचं, कनेक्शन काढून लावून बघितलं. एक नंबरचं काढलं, आवाज पडला. दोनचं काढलं, पडला. चारचं काढलं, पडला. तीनचं काढलं तर इंजिनला फरकच नाही. म्हणजे तीन नंबर आधीच मेलेला होता.

संध्याकाळी त्यांची पाठ धरली. आईने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. मी मोबाईल बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, त्यांनी तीन नंबरची कॉइल उचलली. तिचं रबर फाटलेलं होतं आणि खाली प्लगच्या खोबणीत पाणी होतं. गंजून लाल झालेलं. इंजिन खोलायला निघालेल्या शहाण्यांनी एक कॉइल उचलून बघितली नव्हती.

अण्णांनी चिमट्याने आत काहीतरी पकडलं आणि तळहातावर ठेवलं.

झेंडूची पाकळी.

इंजिनावर पाणी मी मारलं होतं. वॉशिंग सेंटरसारखा पाइप लावून, दाब देऊन. अण्णांनी आदल्या वर्षीच बजावलं होतं, इंजिन फक्त फडक्याने पुसायचं. पण मला फोटोत ते चमकायला हवं होतं. वर झेंडूचा हार, त्यावरही पाण्याचा फवारा, हळदकुंकू, मग स्टेटस. पन्नास जणांनी बघितलं.

आणि विचारलं तेव्हा तोंड वर करून खोटं बोललो. खरं बोललो असतो तर काम अर्ध्या तासाचं होतं.

अण्णांनी पाकळीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पाकळी शर्टाच्या खिशात टाकली.

वरून गॅलरीतून आईने विचारलं, "सापडलं का व?"

"व्हय. पावसाचं पाणी शिरलं असंल," अण्णा म्हणाले.

मग खोबणी कोरडी केली, सायकलवरून उस्मानपुऱ्याला जाऊन नवा प्लग आणि कॉइलचं रबर आणलं. दुपारी गाडी सुरू झाली. थरथर नाही, दिवा नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

तेच पावसाचं पाणी आज दाजींनी पंगतीत वाढलं. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी हसलो आणि खीर घेतली.

दाजी, तुम्हाला टॅग केलंय. वर्षभरात तुमच्यावर माझी जेवढी चिडचिड झाली तेवढी कोणावर झाली नसेल, पण तुम्ही निदान ऐकलेलंच बोललात. मला खरं माहीत होतं. तुमच्यापेक्षा हलका माणूस त्या पंगतीत मीच होतो.

गाडी अजून चालू आहे. उद्या आईला त्यातूनच न्यायचंय.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. भावपूर्ण वगैरे लिहायची माझी लायकी नाही, म्हणून साधंच लिहितो.

अण्णा, पाणी मी मारलं होतं. तुम्हाला माहीत होतं. आता सगळ्यांना माहीत झालं.

नमस्कार करतो.